शितावरून

चार आठवड्यांच्या पाहुणीला कार्ड मिळतं, फोटोसकट,
आणि ते एकही दार उघडत नाही.
पहिल्या दिवशी वहीत एवढंच लिहिलं:
कोण थांबून दार धरतं, बघायचं.

मस्कत, नोव्हेंबर. उघडेबोडके तपकिरी डोंगर,
जणू कुणी त्वचा मागे सारून ठेवलीय.
आठव्या मजल्यावरून समुद्र दिसतो, माहितीपत्रक म्हणतं.
दिसतो.
रेसिडेंटांच्या खोलीला मात्र खिडकी नाही.
फ्रिजमध्ये डबा, वर चिकटपट्टी, ‘रविवार’.
आज बुधवार.

रुवीच्या फ्लॅटमध्ये बाबा म्हणाले,
पगार विचार, व्हिसा कुणाच्या नावावर ते विचार,
बाविसाव्या वर्षी आलो तेव्हा मी विचारलं नव्हतं.
आई कुकरची शिट्टी काढत म्हणाली,
शितावरून भाताची परीक्षा. एक शीत दाब नि ये.

कुठलं शीत, आई?
शैलम्मा सिस्टर? एकोणीस वर्षं ती सुया मोजतेय.
म्हणाली, मोठ्या डॉक्टरांसमोर पोरांना काही विचारू नकोस,
सगळी हसून सांगतात.
मला विचार, त्या बेसिनपाशी कोण किती वेळ तोंड धूत राहतं.

की बसमा अल-रियामी, दुसऱ्या वर्षाची,
जिनं मला कहवा प्यायला शिकवलं:
पुरे झालं की फिंजान हलकेच हलव,
नाहीतर ओतणारा ओततच राहील.
आणि टाका कसा सोडायचा तेही,
खुर्चीच्या पाठीला बांधलेल्या दोऱ्यावर, पहाटे चारला.

तिसऱ्या आठवड्यातला मंगळवार.
पित्ताशय. कॅमेरा माझ्या हातात.
पडद्यावर यकृताची कड, पिवळी चरबी,
त्यातून निघालेली एक नळी,
जी तीच असायला हवी, किंवा दुसरी असू शकते.
डॉ. यकज़ान म्हणाले, क्लिप लाव.
बसमा म्हणाली, मला खात्री नाही.

भूलतज्ज्ञानं घड्याळाकडे बघितलं.
बाहेर पुढचा पेशंट ट्रॉलीवर, टोपी घालून.
डॉ. यकज़ान यांनी दोन्ही हात छातीशी घेतले,
म्हणाले, मग बघ.
आणि गप्प.

सात मिनिटं.
माझं मनगट थरथरलं की पडद्यावर सगळं पोट थरथरायचं.
ती चरबी सोलत गेली, धाग्याधाग्यानं,
जसं कुणी दुसऱ्याच्या मुलाच्या पायातला काटा काढावा.
नळी तीच निघाली. आधीपासून तीच होती.
सात मिनिटं वाया गेली असं
कुणीही म्हणालं नाही.

वहीत त्या रात्री काय लिहावं कळेना.
आकडे होते माझ्याकडे, किती केसेस, किती ड्यूट्या,
सात मिनिटांसाठी रकाना नव्हता.

पण दुसऱ्याच दिवशी, ऐका,
त्याच डॉ. यकज़ान यांनी पहिल्या वर्षाच्या मुहन्नदला
भर व्हरांड्यात फाडून खाल्लं,
ड्रेनचा आकडा लिहायचा राहिला म्हणून.
नातेवाईक बघत होते. एक लहान मुलगी चिप्स खायची थांबली.
मुहन्नद बेसिनपाशी गेला.
मी मोजलं. शैलम्मानंही मोजलं असणार.
हेही शीत त्याच पातेल्यातलं.

शेवटच्या दिवशी बोलावणं आलं.
टेबलावर खजूर, दल्ला, दोन फिंजानं.
कसे वाटलो आम्ही?
विचारताना ते माझ्या हाताकडे बघत होते,
उजव्या मनगटाकडे,
आणि मला उशिरा, फारच उशिरा कळलं
की चार आठवडे
दोन बोटांमध्ये मीही होते.

मी सात मिनिटांबद्दल बोलले. मुहन्नदबद्दलही बोलले,
आवाज चिरकला तरी.
ते बराच वेळ काही बोलले नाहीत.
मग दल्ला उचलला, ओतलं.
मी प्यायले. पुन्हा ओतलं.
वेलदोड्याचा वास, एसीची घरघर,
खाली पार्किंगमध्ये बाबा गाडी सुरू ठेवून थांबलेले.

रिकामं फिंजान हातात होतं.
मी ते हलवलं नाही.